उन्हाळी वाफ्याची तयारी

बागकामाच्या पुस्तकांतला वसंत म्हणजे बर्फ वितळल्यावरचा किंवा फार तर उत्तरेकडच्या कडाक्याच्या थंडीनंतरचा वसंत. आमचं मोहने उल्हास नदीच्या काठी, कल्याणला लागून. इथे वसंत पंचमीला सकाळी अंगावर शाल असते आणि होळीला दुपारी अनवाणी अंगणात पाय ठेववत नाही. माघ शुद्ध पंचमी ते फाल्गुनी पौर्णिमा, मधले दिवस चाळीस. उन्हाळी भाजीपाल्याचं बी रुजतं, मुळं खोल जातात, वेल मांडवाला लागतात ते सगळं एवढ्याच काळात. त्यानंतर रोप वाढतं ते आधी केलेल्या तयारीवर. त्यामुळे संक्रांतीच्या आसपास मी कुदळ हातात घेते तेव्हा डोळ्यांसमोर फेब्रुवारीतली कोवळी ऊब नसते, एप्रिल-मेचं ऊन असतं. घरामागचे चार वाफे आणि वरची थोडी गच्ची एवढ्या जागेत जे कळलं, ते लिहिते आहे.

1. खणण्याआधी ऊन बघा

जानेवारीत सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो. घराच्या उत्तरेला असलेल्या वाफ्यावर तेव्हा भिंतीची लांब सावली पडते, म्हणून ती जागा भाजीसाठी वाया गेली असं वाटतं. पण हाच सूर्य मेच्या मध्यावर आपल्या बरोबर डोक्यावर येतो. कल्याण-ठाण्याकडे त्या सुमारास शून्य सावलीचा दिवस असतो, भर दुपारी उभ्या काठीची सावली तिच्या बुडाशीच गोळा होते. म्हणजे जानेवारीत सावलीत असलेला वाफा एप्रिलमध्ये उन्हात न्हाऊन निघणार, आणि आता जिथे छान कोवळं ऊन आहे तिथे तेव्हा पोळणार.

मी सकाळी नऊ, दुपारी बारा आणि चार वाजता सावलीच्या कडेवर चुन्याची फक्की टाकते आणि त्या रेघा पुढे कुठे सरकणार याचा अंदाज बांधते. पूर्वेचं ऊन मिळून दुपारी तीननंतर सावली येणारी जागा मिळाली तर सोडू नका. टोमॅटो, मिरची, माठ तिथे. भेंडी, गवार, चवळी यांना दिवसभर ऊन चालतं, त्यांना उघड्यावर जागा द्या. शेजारी नवी इमारत उठत असेल तर हे गणित दरवर्षी नव्याने मांडावं लागतं, आणि आमच्याकडे इमारती सतत उठतच आहेत.

2. माती हातात घ्या

मोहन्यात एकच एक माती नाही. नदीकडे गाळाची, मऊ, बारीक. रेल्वेकडे सरकलं की मुरमाड. आणि नव्या चाळी-इमारतींच्या आवारात भरावाची माती, म्हणजे विटांचे तुकडे, सिमेंटचे पापुद्रे, प्लास्टिक आणि त्यावर वीतभर लाल माती. शेजाऱ्याचा सल्ला शेजाऱ्याच्या मातीपुरता खरा असतो, तो का, हे इथे कळतं.

ओळखायची सोपी रीत अशी. वीतभर खोलवरची ओलसर माती मुठीत घट्ट दाबायची, मूठ उघडायची आणि अंगठ्याने गोळ्याला हलकेच टोचायचं. गोळा झालाच नाही तर माती रेताड आहे, पाणी धरणार नाही. टोचल्यावर भुगा होऊन मोकळी झाली तर उत्तम. अंगठ्याचा ठसा उमटला आणि गोळा तसाच राहिला तर चिकण जास्त. ही माती एप्रिलमध्ये भेगाळणार आणि त्या भेगांत कोवळी मुळं तुटणार. आणखी खात्री हवी असेल तर काचेच्या बरणीत एक भाग माती, तीन भाग पाणी घालून जोरात हलवा आणि ठेवून द्या. वाळू मिनिटाभरात खाली बसते, पोयटा काही तासांत, चिकण दुसऱ्या दिवशीही पाणी गढूळ ठेवते. थरांच्या जाडीवरून पुढचं ठरवता येतं. वर तरंगणारा काळा काडीकचरा म्हणजे मातीतला जीव. तो थर जितका जाड तितकी मी निर्धास्त.

रेताड असो की चिकण, दोन्हीवर औषध एकच, कुजलेलं खत, आणि तेही सढळ हाताने. चिकण मातीत नुसती वाळू ओतायचा सल्ला पुष्कळ जण देतात. मला तो पटत नाही. थोड्या वाळूने चिकण माती मोकळी व्हायच्या ऐवजी घट्टच बसते.

ज्यांच्या आवारात 26 जुलै 2005 चा किंवा त्यानंतरचा कुठलाही पूर येऊन गेला आहे, त्यांनी एकदा तरी माती तपासून घ्यावी. पुराबरोबर गाळ येतो तसं सांडपाणीही येतं. नमुना घ्यायची पद्धत आहे. वाफ्यात पाच-सहा ठिकाणी इंग्रजी व्ही अक्षरासारखा वीतभर खड्डा घ्यायचा, खड्ड्याच्या बाजूची माती वरपासून खालपर्यंत सारखी खरवडायची, सगळी एकत्र करून तिचे चार भाग पाडायचे, समोरासमोरचे दोन टाकायचे, उरलेल्यांचे पुन्हा चार, असं करत अर्धा किलो राहिली की सावलीत वाळवून पिशवीत भरायची. नुकतंच खत घातलेल्या जागेची माती घेऊ नये. सामू आणि सेंद्रिय कर्ब, हे दोन आकडे आधी बघा. सामू साडेसहा ते साडेसातच्या दरम्यान असेल तर बाकीच्याची फार काळजी नको.

3. शिशिराचा पाला ही वर्षाची कमाई

पौष-माघात बदाम लाल होऊन गळतो, मग शिरीष, मग पिंपळ. सकाळी झाडलोट झाली की रस्त्याच्या कडेला पाल्याचे ढीग लागतात आणि संध्याकाळी त्यांतून धूर निघतो. मला तो धूर बघवत नाही. झाडाने वर्षभर जमिनीतून वर ओढलेलं सगळं त्या पानात परत आलेलं असतं, आणि आपण नेमकं तेच हवेत सोडतो, वर लहान मुलांना खोकत ठेवतो. ठाणे जिल्ह्यात भाताच्या रोपांसाठी शेतकरी राब भाजतात, त्याचं उदाहरण लोक देतात. राबाची कारणं वेगळी आहेत, तो भाताच्या रोपवाटिकेपुरता असतो. परसातल्या भाजीच्या वाफ्याला भाजलेल्या मातीचा काही उपयोग नाही.

आता हिशोब. संक्रांतीनंतर गोळा केलेल्या पाल्याचं खत व्हायला उन्हाळ्याची ऊब धरूनही दोन-तीन महिने लागतात. म्हणून यंदाचा पाला यंदा आच्छादनाला आणि पावसाळी लावणीच्या खताला. फेब्रुवारीत वाफ्यात पडायचं खत गणपती-नवरात्रातलं निर्माल्य आणि दिवाळीनंतरचा कचरा यांतून तयार झालेलं असावं. ही साखळी एकदा बसली की बाहेरून खताची गोणी आणावी लागत नाही.

ढिगाची रीत आमच्याकडे अशी: तीन घमेली कोरडा पाला, एक घमेलं भाजीची देठं-सालं, वर मूठभर जुनी माती. पाणी इतकंच की मूठ पिळली तर एखाद-दुसरा थेंब यावा. दहा-पंधरा दिवसांनी उलथायचं. बदामाची पानं जाड आणि मेणचट, ती आधी पायाखाली चुरडून घ्यावीत, नाहीतर एकावर एक चिकटून बसतात आणि मधे हवा जात नाही. वास मारू लागला की पाला वाढवा, ढीग थंड आणि कोरडा पडला की ओलं वाढवा.

या सगळ्यामागचं शास्त्र मराठीत नीट मांडणारे कोल्हापूरचे श्री. अ. दाभोळकर. पेशाने गणिताचे प्राध्यापक, आणि 'प्रयोग परिवार' उभा करून शेतकऱ्यांना आपल्याच शेतात प्रयोग करायला लावणारे. पाल्याला त्यांचं अमृतजल शिंपडलं तर कुजणं लवकर सुरू होतं: दहा लिटर पाणी, एक किलो ताजं शेण, एक लिटर गोमूत्र, पन्नास ग्रॅम गूळ, तीन दिवस झाकून ठेवायचं, रोज ढवळायचं आणि वापरताना एकास दहा पाणी घालायचं. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या उपाहारगृहाच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी या शतकाच्या सुरुवातीला स्वयंपाकघरातल्या कचऱ्यावर जी बाग फुलवली, तिच्यामागेही दाभोळकरांचीच पद्धत होती. गोदीतल्या सिमेंटच्या गच्चीवर जे झालं ते मोहन्यातल्या परसात का होऊ नये?

आपल्या कल्याण शहराचा कचरा वर्षानुवर्षं आधारवाडीच्या डोंगरावर जात होता. ते डंपिंग ग्राउंड 2021 साली बंद झालं. तिथे उन्हाळ्यात लागणाऱ्या आगींचा धूर ज्यांनी घेतला आहे, त्यांना घरचा ओला कचरा घरीच का जिरवावा हे सांगावं लागत नाही.

4. शेण ताजं घालू नका

तबेल्यातून टोपलीभर ओलं शेण आणून थेट वाफ्यात मिसळलं की त्याच्या मागोमाग हुमणी आणि वाळवी येते, शिवाय कुजताना निघणाऱ्या उष्णतेने मुळं जळतात. शेणखत काळं, भुसभुशीत आणि बिनवासाचं झालेलं हवं. तीन फूट बाय तीन फुटाच्या जागेला दोन घमेली पुरतात. होळीची राख घालायची असेल तर चाळून, चिमूटभरच. आपल्याकडच्या काळ्या जमिनीचा सामू आधीच चढा असतो, राखेने तो आणखी चढतो.

5. जलपर्णी भाजीला नको

थंडी सरली की मोहने बंधाऱ्याच्या बाजूला उल्हास नदीवर जलपर्णीची हिरवी चादर पसरते. फुकटचं खत म्हणून ती आणावी असा विचार दरवर्षी कुणी ना कुणी बोलून दाखवतं. ही वनस्पती सांडपाण्यावर पोसलेली असते आणि पाण्यातले जड धातू आपल्या मुळांत साठवते. खाण्याच्या वाफ्यात मी ती घालत नाही आणि कुणी घालू नये असं मनापासून वाटतं. नदी स्वच्छ करण्यासाठी ती काढलीच पाहिजे, पण आपल्या ताटापर्यंत तिचा रस्ता नको.

6. पाणी आधी जमिनीत साठवा

आमच्या गावाला लागून नदी आहे, मोहिलीचं जलशुद्धीकरण केंद्र आहे, इथून शहराला पाणी जातं. तरी केंद्रात दुरुस्ती निघाली किंवा धरणसाठा उतरला की नळ कोरडे पडतात ते आमचेही. टंचाईच्या वर्षी आठवड्यातून एक-दोन दिवस पाणी बंद असतं. त्या दिवसांत रोप जगेल अशी सोय लावणीच्या आधीच करावी लागते.

पहिली गोष्ट वाफ्याचा आकार. गादीवाफे पावसाळ्यासाठी. तेव्हा पाणी निघून जायला हवं. उन्हाळ्यात तोच उंच वाफा चारही बाजूंनी वाळतो. म्हणून फेब्रुवारीत मी वाफा आजूबाजूच्या जमिनीपेक्षा चार बोटं खाली ठेवते आणि कडेने वरंबा घालते. झारीने घातलेलं पाणी जिथल्या तिथे मुरतं.

दुसरं मडकं. संक्रांत झाली की कल्याणच्या बाजारात माठ मांडायला सुरुवात होते. अरुंद तोंडाचं, रंग न लावलेलं, पाच-सहा लिटरचं पाझरत्या अंगाचं मडकं घ्या, वाफ्याच्या मधोमध गळ्यापर्यंत पुरा, पाणी भरा आणि तोंडावर पणती किंवा चपटा दगड ठेवा. झाकण नसेल तर डास होतात. ओल मडक्याच्या अंगातून पाझरते आणि मुळं तिच्या शोधात आपणहून त्या बाजूला जातात. त्याभोवती हातभर अंतरावर दुधी, काकडी, कारल्याच्या बिया लावायच्या. दोन-तीन दिवसांनी एकदा भरलं की झालं. गेल्या वर्षीचं मडकं क्षारांनी बुजलेलं असतं. ते रात्रभर पाण्यात ठेवून नारळाच्या शेंडीने घासल्याशिवाय पुन्हा पुरू नये.

तिसरं आच्छादन. रोपं वीतभर झाली की त्यांच्या बुडापासून दोन बोटं सोडून पाल्याचा तीन-चार इंची थर. एप्रिलमध्ये हा थर बाजूला सारून मातीत बोट घाला आणि उघड्या मातीतही घाला, फरक बोटालाच कळतो. तांदूळ-भाजी धुतलेलं पाणी वाफ्याला चालतं, साबणाचं मात्र नको.

7. बी रुजवायची घाई नको, उशीरही नको

अटाळीच्या एक मावशी आमच्याकडे भाजी घेऊन येतात. जानेवारीत मी भेंडीचं बी काढलेलं पाहून म्हणाल्या, "बाय, पहाटे नळाचं पाणी हाताला गार लागतंय तोवर भेंडी ठेवून दे. ती थंडीत उगवत नाही, कुजते." मी विचारलं, "मग कधी लावू, मावशी?" "रात्री गोधडी पायाशी गेली की लाव." शेतकी शास्त्र हेच अंशांत सांगतं: माती वीस अंशांच्या खाली असेल तर भेंडी रुजत नाही. समुद्रापासून आत असल्यामुळे कल्याण-बदलापूर पट्ट्यात रात्री मुंबईपेक्षा चांगल्याच गार असतात, तेव्हा मुंबईच्या तारखा आपल्याला लागू नाहीत. जानेवारीचा शेवट ते फेब्रुवारीचा मध्य ही आमची वेळ. मार्चमध्ये लावलेली भेंडी फुलावर येते ती ऐन झळांत, आणि तोवर पांढरी माशी हळद्या रोग घेऊन आलेली असते.

बी निवडताना पाकिटावरची तारीख आणि उगवणशक्ती वाचा. गुलाबी-निळा रंग लावलेलं बी औषध चोळलेलं असतं, ते भिजवलेलं पाणी आणि उरलेलं बी मुलांच्या हाती लागू देऊ नका. भेंडीसाठी परभणीच्या विद्यापीठाची 'परभणी क्रांती' हळद्याला बऱ्यापैकी दाद देत नाही. दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाने आपल्या हवेसाठी काढलेले वाण तर मुद्दाम शोधून लावावेत. कारल्यात 'कोकण तारा', पडवळात 'कोकण श्वेता', चवळीत 'कोकण सदाबहार', काकडीत 'शीतल'. दमट उष्म्यात टिकणारं बी देशावरच्या वाणांत सहसा सापडत नाही.

भेंडी रात्रभर भिजवा, कारलं पूर्ण दिवस. त्याचं टरफल जाड असतं, टोकाशी हलकं चेचलं तरी चालतं. मिरची, वांगी, टोमॅटो यांची रोपं मात्र आधी करून ठेवावी लागतात, आणि त्यासाठी संक्रांतीची सुगडं घरात असतातच. वाणाचे गहू-बोरं-ऊस संपले की सुगडाच्या बुडाला खिळ्याने भोक पाडायचं, तळाशी खापरीचा तुकडा, वर चाळलेलं खत आणि माती निम्मी-निम्मी. एका सुगडात दोन बिया. रोप चार-पाच पानांचं झालं की सुगड अलगद फोडून मुळांच्या गोळ्यासकट वाफ्यात. मुळाला धक्का लागत नाही आणि फुटलेली खापरी मातीत राहते, तीही ओल धरते. लावणी संध्याकाळीच करा.

8. मांडव बियांच्या आधी

वेल हातभर झाल्यावर बांबू रोवायला गेलं की मुळं दुखावतात. म्हणून पहारीने खड्डे घेऊन चार बांबू आधी उभे करायचे, वर सुतळीची जाळी. पूर्व-पश्चिम लांबीचा, माणसाच्या उंचीचा मांडव. दुधी आणि कारलं त्यावर चढलं की खालच्या सावलीत आळू, पुदिना, कोथिंबीर मेपर्यंत तग धरतात. घरात हिरव्या जाळीचा तुकडा असेल तर तो कोवळ्या रोपांवर दुपारपुरता ताणा. पन्नास टक्के सावली देणारी जाळी पुरते, त्यापेक्षा दाट नको.

9. गच्चीवाल्यांसाठी एवढंच

एक घनफूट ओली माती पन्नास किलोच्या आसपास भरते. आमच्याकडच्या जुन्या चाळींच्या आणि इमारतींच्या गच्च्यांवर मातीचे वाफे करू नयेत. पिशव्या किंवा क्रेट घ्या, त्यांत अर्ध्याहून जास्त कुजलेला पाला आणि नारळाचा भुसा भरा आणि त्या भिंतीच्या, तुळईच्या कडेने ठेवा. भेंडी-वांग्याला फूटभर खोलीची पिशवी पुरते, वेलाला दीड फूट हवी. पिशवीखाली विटा ठेवल्या नाहीत तर तापलेली लादी मुळं शिजवते.

10. बी धरायचं रोप लावतानाच ठरवा

अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी परसातल्या गावठी भाज्यांचं बी जपलं, वाढवलं, वाटलं. 2020 साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. त्यांचं काम वाचल्यापासून मी प्रत्येक वाफ्यातलं सगळ्यात जोमदार रोप पहिल्याच महिन्यात निवडते आणि त्याला लाल चिंधी बांधते. त्याची मधल्या बहराची दोन-तीन फळं तोडायची नाहीत, घरातल्या सगळ्यांना तसं बजावलेलं असतं. संकरित वाणाचं बी धरण्यात अर्थ नसतो, पुढच्या पिढीत ते तसंच येत नाही. चवळी, गवार, वाल, गावठी भेंडी यांचं बी घरचं बिनधास्त धरावं. काकडीच्या बाबतीत शेजारच्या वाणाशी परागसंकर होतो, म्हणून फुलायच्या आदल्या संध्याकाळी मादी फुलाला आणि एका नर फुलाला दोऱ्याने हलकं बांधून ठेवायचं आणि सकाळी हाताने पराग लावून मादी फूल पुन्हा दोन दिवस बांधायचं.

मुंबईकडे मोसमी पावसाची सरासरी तारीख आता 11 जून धरतात. त्याआधी बियांची फळं वेलावर पूर्ण वाळायला हवीत, म्हणजे चिंधीची फळं एप्रिलच्या शेवटी नक्की झालेली हवीत. मेच्या शेवटच्या आठवड्यात काकडीचे वेल काढून ढिगावर टाकायचे, वाफ्याच्या कडेचा वरंबा मोडायचा, पुरलेली मडकी बाहेर काढून उन्हात वाळवायची आणि त्याच खोलगट वाफ्यात माघातल्या पाल्याचं आता तयार झालेलं खत भरून तो जमिनीच्या वर आणायचा. पहिली मोठी सर पडून गेली की त्याच मांडवाखाली पडवळ, घोसाळं आणि शिराळ्याचं बी टोचायचं.